एकतीस पायऱ्या चढणारे डोळे

प्लायवुडच्या पार्टिशनला कान लावून उभं राहणं निवृत्त शिक्षकाला शोभत नाही, हे मला मान्य आहे. पण आत हर्षाची मुलाखत चालू होती, आणि पार्टिशन माझ्याच ऑफिसचं होतं.

लॅपटॉपमधून एका बाईंचा आवाज येत होता. शांत, शिकवायची सवय असलेला. बोलणं इंग्रजीत होतं, मी मराठीत सांगतो.

"तुमच्या निबंधात एक वाक्य आहे. 'माझे दुबळे डोळे रोज कॉलेजच्या एकतीस पायऱ्या चढत.' हे जरा समजावून सांगाल?"

आत शांतता.

माझ्याशेजारी शोभाताई उभ्या होत्या. माझ्या ऑफिसचं टायपिंग त्या बघतात, आणि माझ्या चुकाही. त्या माझ्या कानाशी हळूच म्हणाल्या, "सर, ते पाय होते. मागच्या वर्षीच्या मुलाचे."

हे कसं झालं ते सांगतो. त्यात माझी अब्रू जाईल, पण तिला आता फार भाव राहिलेला नाही.

मी जळगावच्या एका ज्युनिअर कॉलेजात तीस वर्षं इंग्रजी शिकवलं. रिटायर झाल्यावर मेहरूण भागात एक खोली भाड्याने घेतली आणि 'प्रवेश मार्गदर्शन' अशी पाटी लावली. मुलं बारावी होतात, मोठ्या कॉलेजांचे फॉर्म भरतात. मोठी म्हणजे जिथे अर्ज हजारोंनी येतात आणि जागा मोजक्या असतात. तिथे नुसते मार्क चालत नाहीत. निबंध लागतो, त्याला स्टेटमेंट म्हणतात. तुम्ही कोण, इथे का यायचंय, हे मुलाने स्वतःच्या शब्दांत लिहायचं. मग मुलाखत. स्वतःचे शब्द खानदेशातल्या बहुतेक मुलांना इंग्रजीत सुचत नाहीत. ते मला सुचतात. हाच माझा धंदा.

हर्षा पारोळ्याजवळच्या एका खेड्यातली. तिचं खरं नाव हे नाही. नववीत तिच्या डोळ्यांचा पडदा खराब व्हायला लागला. आता तिला उजेड-अंधार कळतो, माणूस समोर आहे हे कळतं, अक्षर कळत नाही. बारावीला लेखनिक घेऊन बसली. लेखनिक म्हणजे ती तोंडी सांगणार आणि दुसरं कुणीतरी पेपरात लिहिणार. तशी बसून ती तालुक्यात पहिल्या पाचांत आली.

वडील गोकुळभाऊ मापाडी. बाजार समितीत शेतकऱ्याचा माल काट्यावर तोलून देतो तो मापाडी. दोघं पहिल्यांदा आली तेव्हा भाऊंनी टेबलावर भरताच्या वांग्यांची पिशवी ठेवली आणि म्हणाले, "सर, मनी पोर हुशार शे. आमले त्या फॉर्ममधलं काय समजत नही. तुमले बठ्ठं माहीत शे."

मला बठ्ठं, म्हणजे सगळं, माहीत आहे, या वाक्यावर माझा तेव्हा पूर्ण विश्वास होता.

हर्षाला दिल्लीकडच्या एका नामांकित युनिव्हर्सिटीत अर्थशास्त्र शिकायचं होतं. नाव सांगत नाही, कारण या गोष्टीत त्यांची चूक नाही. फी, हॉस्टेल, सगळं माफ होणार होतं. पण तिचं कारण ते नव्हतं.

"सर, तिथे एक वेगळा विभाग आहे," ती म्हणाली. "कोर्सचं प्रत्येक पुस्तक ते ऐकता येईल असं करून देतात. म्हणजे मला कुणाला 'जरा वाचून दाखव' असं म्हणावं लागणार नाही."

"एवढंच?"

"एवढंच कसं? चार वर्षं झाली म्हणतेय. मैत्रिणीची परीक्षा असली की माझा अभ्यास बंद. भावाची मॅच असली की बंद. मला माझ्या वेळेला वाचायचंय."

मी मान डोलावली. ती तिला दिसली नसणार, हे मला नंतर सुचलं.

कागद चोख होते. दिव्यांग कोट्यात अर्ज करायचा तर किमान चाळीस टक्के अपंगत्वाचा सरकारी दाखला लागतो. तिचा दाखला पंचाहत्तरचा होता. ओळखपत्र होतं, मार्कशीट होती. उरला निबंध.

"तू काही लिहिलंयस?" मी विचारलं.

"बोललेय. फोनवर रेकॉर्ड केलंय, मराठीत. तुम्ही फक्त इंग्रजी करून द्याल का?"

नऊ मिनिटांचं रेकॉर्डिंग होतं. मी ते त्याच दिवशी दुपारी जेवताना लावलं. नजर अधू झाल्यावर ती वडिलांबरोबर बाजारात जायची, काट्याच्या कडेला बसायची. मक्याच्या ढिगांचा लिलाव चालायचा. असं दोन मिनिटं ऐकलं आणि बंद केलं. शोभाताईंना म्हणालो, "दिल्लीच्या लोकांना मक्याच्या ढिगांशी काय करायचंय?"

"मुलगी बोलते छान," शोभाताई म्हणाल्या.

"छान बोलून सीट मिळत नाही. तिथे काळीज हलवावं लागतं."

काळीज हलवायचं यंत्र माझ्याकडे तयार होतं. कॉम्प्युटरमध्ये 'प्रेरणादायी-२' नावाची फाईल होती. आदल्या वर्षी एका मुलासाठी मी ती लिहिली होती. लहानपणच्या तापात त्याचा एक पाय गेला होता. त्याला एका चांगल्या कॉलेजात प्रवेश मिळाला. मिळाला तो गणितातल्या मार्कांवर. पण मी सगळं श्रेय माझ्या गद्याला देऊन टाकलं होतं. त्या गद्यात समईच्या उजेडात औक्षण करणारी आई होती, हसणारे वर्गमित्र होते, आणि कॉलेजच्या एकतीस पायऱ्या होत्या. शेवटच्या परिच्छेदात मुलगा सगळ्यांना माफ करत असे. मला तो परिच्छेद वाचताना दर वेळी भरून यायचं. स्वतःच्या लेखनाने भरून येणं हा वयाचा आजार असावा.

मी शोभाताईंना सांगितलं, "यातला मुलगा काढा, मुलगी करा. पाय काढा, डोळे घाला."

त्यांनी कॉम्प्युटरला तसा हुकूम दिला. कॉम्प्युटर आज्ञाधारक. जिथे पाय होते तिथे सगळीकडे डोळे आले. पायऱ्या कुणी काढायला सांगितल्या नव्हत्या, त्या राहिल्या.

मी वाचून बघायला हवं होतं. नाही बघितलं. आपलंच लिहिलेलं पाठ असलं की माणूस वाचत नाही, नुसता ओळखतो.

आमच्या ऑफिसची एक पद्धत होती. निबंध छापायचा, खाली माझी सही, माझा गोल शिक्का, मग स्कॅन करून मुलाला व्हॉट्सॲपवर पाठवायचा. युनिव्हर्सिटीला शिक्का नको असतो. पण पालकांना शिक्का दिसला की काम झाल्यासारखं वाटतं. म्हणून ही पद्धत. हर्षालाही तसाच पाठवला.

संध्याकाळी तिचा फोन आला.

"सर, माझा फोन हे वाचत नाही. तो म्हणतो 'चित्र'."

दृष्टिहीन मुलांच्या फोनमध्ये मजकूर मोठ्याने वाचणारी सोय असते. पण स्कॅन केलेला कागद म्हणजे फोनच्या हिशेबी कागदाचा फोटो. त्यात त्याला अक्षरं सापडत नाहीत. हे मला आता कळतं. तेव्हा मी म्हणालो, "अगं, चित्र नाही, निबंधच आहे तो."

"मग वाचून दाखवता का?"

"हर्षा, परवा शेवटची तारीख आहे. अजून सहा मुलांचे फॉर्म बाकी आहेत. छान झालाय. तू हो म्हण, मी पाठवतो."

मग, "हो."

जिला आयुष्यात एवढीच गोष्ट नको होती, तिच्या तोंडून मी तेच वाक्य वदवून घेतलं: 'मला वाचून दाखवा.' आणि वर नाहीही म्हणालो.

फॉर्मच्या शेवटी एक प्रश्न होता. 'या निबंधासाठी कुणाची मदत घेतली का? भाषांतर, टायपिंग, लेखनिक अशी मदत घेतली असल्यास तसं लिहा. त्याने तुमच्या निवडीवर परिणाम होणार नाही.' खाली हो किंवा नाही. मी 'नाही'वर क्लिक केलं. सवयीने. माझ्या धंद्यात 'हो' म्हटलं की संशय येतो, असं मी मनाशी ठरवून टाकलं होतं. म्हणजे तिची नऊ मिनिटं सरळ इंग्रजीत करून 'हो'वर क्लिक केलं असतं तरी चाललं असतं. त्यांनी दार उघडं ठेवलं होतं. मी खिडकीतून चढायला गेलो, तेही दुसऱ्याच्या पोरीला घेऊन.

तर पुन्हा पार्टिशनपाशी.

मुलाखत माझ्या ऑफिसात ठेवली होती, कारण गावाकडे नेट टिकत नाही. आत उमेदवाराने एकट्यानेच बसायचं असा नियम. गोकुळभाऊ बाहेर बाकड्यावर बसले होते. त्यांना इंग्रजी कळत नव्हतं. माझा चेहरा मात्र कळत होता.

"काय व्हयनं, सर?"

"काही नाही भाऊ. चाललंय."

आत हर्षा बोलली. तिने ते वाक्य आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं होतं, तेही परक्या बाईच्या तोंडून. माझ्या मते त्या चार सेकंदांत तिला सगळं कळलं.

"मॅडम, पायऱ्या मला नीट चढता येतात," ती म्हणाली. "ते वाक्य चुकीचं आहे. जुन्या मसुद्यातलं राहिलं."

"कुणाच्या मसुद्यातलं?"

"माझ्याच."

शोभाताईंनी डोळ्याला पदर लावला. मी काही लावलं नाही. मला सुटल्यासारखं वाटलं. खोटं सांगायला नको म्हणून सांगतो.

"ठीक आहे," बाई म्हणाल्या. "पायऱ्या सोडू या. तुम्हाला काय सांगायचं होतं?"

मग तिने मक्याचे ढीग काढले.

तिचं इंग्रजी अडखळत होतं, पण थांबत नव्हतं. लिलावात सगळे माल बघतात, ती म्हणाली. मूठभर दाणे उचलतात, दाताखाली फोडतात. मला दिसत नव्हतं, म्हणून मी माणसं ऐकायचे. एक बोली झाली की दुसरी येईपर्यंत मधे गप्प वेळ जातो. बोली चढत असते तोवर तो गप्प वेळ छोटा असतो. तो लांबायला लागला की भाव आता थांबणार. मी मनात आकडे मोजायचे. काही महिन्यांनी मला शेवटचा भाव आधीच सांगता यायला लागला. बाबा म्हणायचे, हिला जादू येते. जादू नाही, मी गप्प राहणं मोजत होते. मग मी फोनवर लिलाव रेकॉर्ड करायला लागले. पाऊस असला तर गप्प वेळ बदलतो का, शेतकरी स्वतः ढिगाशी उभा असला तर बदलतो का. मला याचंच शास्त्र शिकायचंय. लोक बोलून भाव ठरवतात असं पुस्तकात आहे. मला वाटतं अर्धा भाव ते गप्प राहून ठरवतात.

लॅपटॉपमधून एक पुरुषाचा आवाज आला, "शेतकरी उभा असला तर काय होतं?"

"तो खोकतो," हर्षा म्हणाली. "आणि भाव पडतो. घाई आहे हे सगळ्यांना ऐकू जातं."

पलीकडची माणसं हसली. चांगलं हसली. मग त्यांनी प्रश्न विचारले, तिने उत्तरं दिली, एकदा तिनेच त्यांना प्रश्न विचारला. वीस मिनिटांची मुलाखत चाळीस मिनिटं चालली.

रेकॉर्डिंगमधली उरलेली सात मिनिटं मी तीन आठवड्यांपूर्वी ऐकली असती तर, हे वाक्य मी पूर्ण करत नाही.

बाहेर आल्यावर ती मला म्हणाली, "सर, पाणी आहे का?" आणि मग वडिलांना, "चला बाबा, पारोळ्याची गाडी चुकेल."

पंधरा दिवसांनी निकाल आला. वेटिंग लिस्ट, नंबर दोन. वेटिंग म्हणजे निवडलेल्यांपैकी कुणी जागा सोडली तर ती वेटिंगवाल्यांना क्रमाने मिळते. अशा ठिकाणी दोन-चार मुलं परदेशात जातातच. नंबर दोन म्हणजे जवळजवळ आत.

इथे कुठलाही शहाणा माणूस गप्प बसला असता. मी मात्र तेव्हा थोर व्हायचं ठरवलं.

झालं असं की मला रोज त्या पायऱ्या आठवत होत्या. बायको म्हणाली, "तुम्ही जेवताय की शिक्षा भोगताय?" मला वाटलं, नंबर दोन का, पहिलीच का नाही? त्या वाक्यामुळेच. ते वाक्य तिचं नाही हे त्यांना कळलं तर ते तिला वर घेतील. माझी बदनामी झाली तर होऊ दे. या 'होऊ दे'ची मला फार गोडी लागली. मी ऑफिसात बसलो आणि युनिव्हर्सिटीला ईमेल लिहिला. पानभर. 'मी, खाली सही करणारा, कबूल करतो की सदर निबंध सर्वस्वी माझा आहे. या गुणी मुलीचा त्यात एकही शब्द नाही.' इंग्रजी उत्तम होतं. एक अर्धविराम तर असा पडला होता की मी तो दोनदा बघितला.

शोभाताई म्हणाल्या, "हर्षाला विचारलंत?"

"तिच्या भल्याचंच आहे."

"तरी एक फोन करा."

"ती भिडस्त आहे. नाहीच म्हणेल."

नाही म्हणेल हे मला माहीत होतं, हे आता लिहिताना लक्षात येतंय. म्हणूनच केला नाही. सेंड दाबलं.

चार दिवसांनी उत्तर आलं. मला नाही, तिला. तिच्या फोनने ते तिला वाचून दाखवलं, कारण ते चित्र नव्हतं. मदत घेतली नाही असं तुम्ही लिहून दिलं होतं. निबंध दुसऱ्याचा असल्याचं आता आम्हाला कळवण्यात आलं आहे. मुलाखतीतही तुम्ही तो स्वतःचा असल्याचं सांगितलं. सबब अर्ज रद्द. खोट्या माहितीबाबतच्या नियमानुसार पुढेही अर्ज स्वीकारला जाणार नाही.

भाषा सभ्य होती. त्यांच्या बाजूने बघितलं तर दुसरं काय करणार? मी फोन केला, पुन्हा ईमेल केले, तिने खोटं माझ्यासाठी सांगितलं हेही लिहिलं. त्यावर एका बाईंनी एका ओळीत कळवलं की निर्णय अंतिम आहे. मला वाटतं त्या मुलाखतीतल्याच असाव्यात. नक्की माहीत नाही.

ती दाखले परत न्यायला आली. बरोबर गोकुळभाऊ. मी उभा राहिलो. ती बसली नाही.

"ईमेल तुम्ही पाठवला?"

"हो."

"मुलाखतीत मी काय सांगितलं ते तुम्हाला ऐकू आलं होतं. पार्टिशन पातळ आहे."

"आलं होतं."

"मग?"

"मला वाटलं, खरं काय ते सांगावं."

"खरं तुमचं होतं, सर," ती म्हणाली. "सीट माझी होती."

गोकुळभाऊंनी दाखल्यांची फाईल काखेत घेतली. ते माझ्यावर ओरडले असते तर बरं झालं असतं. ते म्हणाले, "सर, पोर दोन रोज जेवनी नही." मग तिला, "चाल बेटा."

जाताना त्यांनी टेबलावर वांग्यांची पिशवी ठेवली. घरून निघताना सवयीने घेतलेली असणार. परत नेणं त्यांना बरं वाटलं नसावं. माझ्याने ती घरी नेववली नाही. शोभाताई घेऊन गेल्या.

त्या वर्षी वेटिंग लिस्ट चौथ्या नंबरापर्यंत सरकली. वेबसाईटवर यादी लागली होती. मी मुद्दाम बघितली.

हर्षा आता धुळ्याला बी. ए. करते आहे. अर्थशास्त्र. पुस्तकं रूममेट वाचून दाखवते, रूममेटच्याच सवडीने. मी 'प्रेरणादायी-२' पुसून टाकली. शिक्का कपाटात आहे. आता मुलाच्या नावाने जाणारा प्रत्येक कागद मी त्याला मोठ्याने वाचून दाखवतो, डोळे चांगले असले तरी. पोरं कंटाळतात. एक पालक म्हणाले, सर, तुमच्याकडे फार वेळ जातो. त्यांनी दुसरीकडे फॉर्म भरला. यातून मला काही पुण्य लागत असेल असं नाही. ज्या पोरीला वाचून दाखवायला हवं होतं, ती राहून गेली.

हा लेख लिहिल्यावर, छापायला पाठवण्याआधी, मी तिला फोन केला. दोन वर्षांनी. म्हटलं, तुझ्याबद्दल आहे, वाचून दाखवू का?

"दाखवा," ती म्हणाली.

पहिल्या शब्दापासून वाचला. गप्प राहणं ती मोजते हे माहीत असल्याने मी मधे कुठे थांबलो नाही.

"नाव बदला," शेवटी ती म्हणाली. "गावाचंही नको, फक्त पारोळ्याजवळचं म्हणा. रेकॉर्डिंग अकरा मिनिटांचं लिहिलंय तुम्ही. नऊचं होतं. आणि शेवटी तो परिच्छेद आहे, अंधारावर मात करणारी जिद्दी मुलगी वगैरे."

"हो."

"तो काढा."

मी काढला. फोन चालू ठेवूनच शेवट पुन्हा वाचून दाखवला.

"आता पाठवा," ती म्हणाली.